आण्णांचा बोअर आणि तुझं स्टेटस

अरे लेका,

परवा रात्री तुझा तो भलामोठा व्हॉईस मेसेज ऐकला. दोनदा ऐकला. सात मिनिटांचा होता आणि त्यातली चार मिनिटं तू नुसता आपल्या वडिलांवर, आण्णांवर तापलेला होतास. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग मीही आवाज चढवतो, तुझी काकू आतून ओरडते, म्हणून लिहितोय. कंपनीच्या बसमध्ये वाच, अर्धं आज अर्धं उद्या वाचलंस तरी चालेल.

तुझं स्टेटस बघितलं होतं मी. गरीब जन्माला आलात ती तुमची चूक नाही पण गरीब मेलात तर ती तुमचीच चूक, वर डोंगरावर उभा राहिलेला कोणीतरी कोटवाला माणूस. आण्णांच्या साध्या मोबाईलवर स्टेटस दिसत नाही हे एक बरं झालं. पण दुसऱ्या दिवशी तू तेच त्यांना फोनवर ऐकवलंस, "तुम्ही गरीब राहायचं स्वतःच निवडलंत", आणि ते त्यांनी ऊसतोडीच्या ठिकाणी कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत बसून ऐकलं, दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून आल्यावर. मला त्यांचा फोन आला होता. तक्रार काहीच केली नाही, एवढंच विचारलं की पोराची नोकरी बरी चालू आहे ना, लई चिडलेला वाटला. म्हणजे बघ.

ते वाक्य बिल गेट्सच्या नावावर फिरतं. गेट्सचे वडील सिएटलमधले नावाजलेले वकील, आणि 1968 साली त्याच्या शाळेत कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं ते शाळेतल्या मुलांच्या आयांनी जुन्या सामानाची विक्री करून जमवलेल्या पैशातून. पोरगं हुशार होतं, रात्र रात्र बसायचं, सगळं मान्य. पण 1968 ला आपल्या गावात लाईट नव्हती रे.

असो, गेट्सचं राहू दे, आपण आण्णांच्या केसवर येऊ. तू मेसेजमध्ये त्यांच्या चुका मोजल्यास, मी चक्क कागदावर उतरवून घेतल्या, बँकेतली जुनी सवय. बोअर पाडला. गाय घेऊन विकली. ताईच्या लग्नात कर्ज काढलं. आईचं ऑपरेशन नको तिथे केलं. आणि दरवर्षी मुकादमाकडून, म्हणजे तोडीला माणसं नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले, एक वर्ष तर दोन मुकादमांकडून घेतले.

बोअरपासून सुरू करू कारण त्याचा मी साक्षीदार आहे. त्या दिवशी मी तुमच्या शेतात होतो, तू पाचवी-सहावीत असशील. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, मला ते सगळं थोतांड वाटतं पण तेव्हा गप्प बसलो. आपली जमीन म्हणजे खाली सगळा काळा पाषाण, त्यात पाणी असतं ते फक्त भेगांत आणि फटीत, भेग लागली तर लागली, नाही लागली तर दहा पावलांवर पाणी असूनही तुमच्या भोकातून नुसती धूळ. आण्णांचा बोअर 600 फुटांपर्यंत कोरडा गेला. त्याच आठवड्यात बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं त्याच गाडीवाल्याकडून, त्याच पाणाड्याला विचारून बोअर घेतला आणि 220 ला पाणी लागलं. आज त्याचा मोसंबीचा बाग आहे, आणि सप्त्यात त्याला माईकवर बोलावून सत्कार करतात की बघा, कष्ट केले तर माणूस वर येतो. कष्ट त्यानं केलेच, मी नाही म्हणत नाही. पण निर्णय दोघांचा एकच होता ना? एकाला दूरदृष्टीचा म्हणतात आणि दुसऱ्याला त्याचाच इंजिनियर पोरगा मूर्ख म्हणतो, आणि मधे काय आहे तर दगडातली एक भेग.

बरं, तू म्हणशील मग घ्यायचाच कशाला जुगार. नाही घेतला असता तर? तर तू आज म्हणाला असतास की आण्णांनी आयुष्यात कधी रिस्क घेतली नाही. कशीही टाकली तरी कवडी उलटीच.

गायीचं तू म्हणालास की मिळालेलं टिकवता आलं नाही. यावर एक गोष्ट सांगतो, मला ती वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. बांगलादेशात ब्रॅक नावाची मोठी संस्था आहे, त्यांनी 2007 मध्ये अगदी गरीब घरातल्या बायकांना गायी वगैरे दिल्या, ट्रेनिंग दिलं, आणि संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षं या घरांचा हिशेब ठेवला. निघालं काय तर ज्या घरांकडे गाय येण्याआधी थोडंफार काहीतरी होतं, जमिनीचा तुकडा, एखादी गाडी, ती घरं गाय मिळाल्यावर वर चढत गेली. आणि ज्यांच्याकडे जवळपास काहीच नव्हतं ती गाय मिळूनही हळूहळू परत होती तिथेच घसरली. गाय तीच, ट्रेनिंग तेच. फरक एवढाच की एक विशिष्ट रेघ ओलांडली गेली की नाही. गायीला कडबा लागतो, पाणी लागतं, दूध डेअरीपर्यंत न्यायला काहीतरी लागतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे वर्षभर घरी थांबणारं माणूस लागतं. आण्णा-आई दसरा-दिवाळीला निघायचे ते उन्हाळ्यात परत. गाय कोणी बघायची, तुझ्या आजीनं? ती तुला बघत होती.

आता उचल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे माझाही हात आहे.

हिशेब कर, तू इंजिनियर आहेस. नवराबायको मिळून एक कोयता. दिवसाला चांगला ऊस असेल तर दोन टन, आडवातिडवा पडलेला असेल तर दीड टनसुद्धा मुश्किल. 2024 च्या सुरुवातीला 34 टक्के वाढ मिळाली त्यानंतर दर टनाला 366 च्या आसपास धर, त्याआधी 273 होता. हंगाम समजा 120 दिवस चालला आणि एकही खाडा म्हणजे सुट्टी नाही, एकही आजारपण नाही, रोज दोन टन, तरी 87 हजार 840 होतात. दीड टनानं धरलं तर 66 हजार पण नाहीत. आणि उचल किती घेतलेली असते? लाखाच्या घरात. वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा चारा, विकून मीठमिरची निघते, बाकीचं काय? म्हणजे अगदी माणसानं मशीनसारखं काम केलं तरी पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा अंगावर बाकी राहते, ती पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते, आणि परत गाडी भरते. यात आण्णांनी कुठे आळस केला ते मला दाखव.

मग तू म्हणशील उचल घ्यायचीच कशाला, बँकेचं कर्ज घ्यायचं. लेका, मी 29 वर्षं बँकेत काढली, त्यातली 11 आपल्याच जिल्ह्यात. माझ्या टेबलावर दोन एकर कोरडवाहूवाले यायचे आणि मी त्यांना विचारायचो, तारण काय, जुनी थकबाकी आहे का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, भावांची संमती आणा, जामीनदार आणा. चार चकरा मारल्यावर माणूस यायचा बंद व्हायचा आणि मी फाईल बंद करायचो. नियमात होतं, माझी चूक कोणी काढली नसती. पण मुकादम दारात येतो, चहा पितो, तारण मागत नाही, कागदावर अंगठा घेतो आणि संध्याकाळी रोख देतो. तारण म्हणजे माणूसच. एका वर्षी आण्णांनी दोघांकडून उचल घेतली म्हणालास ना, ते 2012 चं वर्ष, पावसानं तोंडचं पाणी पळवलं होतं, तुझ्या आजीला दवाखान्यात टाकलं होतं, आणि त्याआधी दोन महिने ते माझ्याकडे आले होते. मी फाईल परत पाठवली होती. हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. त्यांनीही सांगितलेलं दिसत नाही.

अजून एक. माणूस उचल कधी घेतो? थोडी आषाढ-श्रावणात, पेरणी झालेली असते, हातात दमडी नसते, शाळा सुरू झालेल्या असतात, आणि मोठी रक्कम दसऱ्याच्या आधी. म्हणजे वर्षातले सगळे मोठे निर्णय नेमके खिसा रिकामा असताना होतात. तामिळनाडूत ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, 2013 मध्ये छापून आला, 54 गावांतले 464 शेतकरी. त्याच माणसाला ऊस जाण्याआधी पैशाची ओढाताण असताना कोडी सोडवायला दिली आणि ऊसाचे पैसे हातात आल्यावर परत दिली. पैसे आल्यावर तोच माणूस जास्त चांगली सोडवायचा. ते शेतकरी होते, तोडकरी नव्हे, म्हणजे आपल्यापेक्षा बऱ्या अवस्थेतले. माणूस तोच, डोकं तेच, पण डोक्यात सारखा एकच आकडा फिरत असला की बाकीच्याला जागा राहत नाही. तुला सेमिस्टरची फी भरायची राहिली होती तेव्हा तू तीन दिवस मला एकच वाक्य बोलत होतास, आठवतंय? आण्णांचे असे तीन दिवस पस्तीस वर्षं चालू आहेत.

लग्नाचं मी फार बोलत नाही. थोडा खर्च कमी करता आला असता असं माझंही मत आहे आणि मी तेव्हा तोंडावर बोललो होतो. मंडप, बँड, दोन गावजेवणं. पण ज्या भावकीला जेवू घातलं त्याच भावकीनं तुला पुण्यात पाठवताना पाच-पाच हजार काढून दिले, बिनव्याजी. आपल्याकडे इन्शुरन्सचा हप्ता असा भरतात, पंगत वाढून. महागाचा आहे, पण दुसरी पॉलिसी कोणी विकतच नव्हतं.

आणि आईचं ऑपरेशन. यावर मला तुझा खरंच राग आला. आई अडाणी म्हणून डॉक्टरनं सांगितलं आणि गर्भाची पिशवी काढून बसली, असं तू म्हणालास. 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली होती, बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तेरा हजार आठशे एकसष्ट बायकांनी आपापली स्वतंत्र चॉईस केली आणि योगायोगानं ती एकच निघाली, असं तुला म्हणायचंय का? फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसात पहाटे चारला उठून मोळ्या उचलायच्या, एक दिवस घरी बसलं तर खाडा म्हणून पाचशे रुपये कापले जातात, त्यात पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं तर समोरचा डॉक्टर म्हणतो पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. तू तिथे असतास तर काय निवडलं असतंस? हो, कागदावर सही तिची आहे. निवडीचा कागद नेहमीच असतो.

मला हे एवढंच तुला सांगायचंय खरं तर. गरिबीत निवड नसते असं मी म्हणत नाही, रोज असते, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त असते, आज तेल आणायचं की गोळ्या आणायच्या. पण आपली निवड चुकली तर आपण म्हणतो चला शिकलो, आणि त्यांची चुकली तर तीन वर्षं जातात. तू मागच्या वर्षी शेअरच्या ॲपवर चाळीस हजार घालवलेस. तुला काय झालं? दोन महिने बाहेर जेवला नाहीस. आण्णांचे चाळीस हजार बोअरमध्ये गेले तर तुझी ताई दहावीला बसली नाही. चूक सारखीच, बिल वेगळं. म्हणून निवड हा शब्द तू स्वतःला लाव, पुढच्या पाच वर्षांना लाव, तिथे तो फार कामाचा आहे. दुसऱ्याच्या मागच्या तीस वर्षांना लावलास की ती फक्त शिवी होते.

नाहीतर तू म्हणशील काका सगळं परिस्थितीवर ढकलतात. नाही ढकलत. माझाच एक चुलतभाऊ, कॅनॉलखालची चार एकर, विहीर, बापाची पेन्शन, सगळं असून त्यानं सगळं जुगारात आणि बाटलीत घातलं, त्याच्यासाठी माझ्याकडे कुठली समिती नाही आणि कुठला अभ्यास नाही. अशी माणसं असतात. पण ती श्रीमंतांत पण तेवढीच असतात, फक्त त्यांना पडायला खाली गादी असते. आणि आळसावरच सगळं असतं तर मला एक सांग, नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक गरीब निघाले आणि मुंबईत शंभरात दहा पण नाहीत, म्हणजे काय आळशी माणसं सगळी सातपुड्यातच जन्म घेतात? माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीसाठी रांगेत. त्या वर्षी लाखो माणसं उन्हात दगड फोडत होती. त्याच कामांतून पुढे रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला राज्यानं कायदा केला. तेवढे कष्ट करून त्यातली किती जण श्रीमंत झाली?

आणि तू वर आलास त्यात तुझं काय होतं, हे पण बघू. रात्री दोन-दोनपर्यंत बसायचास, ते तुझं, शंभर टक्के तुझं, कोणी काढून घेऊ शकत नाही. पण आजी जिवंत होती म्हणून तू फडावर न जाता गावात राहिलास, आजी गेल्यावर नेमकं त्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह चालू झालं म्हणून शाळा सुटली नाही, आणि शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म शेवटच्या दिवशी एका मॅडमनी स्वतःच्या लॅपटॉपवर भरून दिला, उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणायला आण्णांनी एक खाडा केला होता बरं का, सांगलीहून एसटीनं येऊन. यातली एक जरी गोष्ट हुकली असती तर आज तू कुठे असतास? मी सांगतो कुठे, कारण माझ्या घरात ते उदाहरण आहे.

माझी धाकटी बहीण. आजीला एकच पोर सांभाळायला झेपत होतं. मी मुलगा, मी राहिलो. ती सात वर्षांची, धाकट्याला कडेवर घ्यायला म्हणून फडावर गेली आणि परत शाळेत आलीच नाही. मी बँकेची परीक्षा 1989 ला पास झालो, पेपरात नाव आलं, गावानं हार घातला. ती आजही मुकादमाच्या आधी तोंडी टनेज सांगते, चार टोळ्यांचं, पंधरवड्याचं, कपातीसकट, आणि मुकादम कॅल्क्युलेटर घेऊन मागून बरोबर आहे म्हणतो. मला ते जमत नाही, मी 29 वर्षं बँकेत होतो. माझ्या सत्काराच्या वेळी ती मागे उभी होती आणि कोणीतरी भाषणात म्हणालं की जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या रे. तेव्हा वय 22 होतं.

आता कामाचं. पहिलं, बुलेटचं बुकिंग कॅन्सल कर. आत्ता नको, दीड वर्षानं घे. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत टाकल्याशिवाय ईएमआयवर काहीही घ्यायचं नाही. कंपनीच्या मेडिकल पॉलिसीत आई-आण्णांना घालता येतं का ते एचआरला विचार, टॉप-अपचे पैसे लागले तर दे.

दुसरं आणि महत्त्वाचं. तू दिवाळीला तीस हजार पाठवलेस, चांगलं केलंस, पण दिवाळीला त्याचा उपयोग निम्माच. दिवाळीपर्यंत उचल घेऊन झालेली असते, माणूस बांधला गेलेला असतो. पैसे आषाढात पाठव. जुलैपासून दसऱ्यापर्यंत महिन्याला ठरलेली रक्कम, न चुकता, न मागता, आणि कशाला हवेत ते विचारायचं नाही. किती पाठवतोस यापेक्षा कधी पाठवतोस ते बघ. आणि यंदा पट्टा पडला की बाकी किती राहिली ते मुकादमाकडून कागदावर घे. फोनवरचा आकडा दर वेळी वेगळा निघतो. मग आपण दोघं जाऊन ती एकदाच फेडू, मी निम्मे घालतो. नाही म्हणू नकोस, माझंही एक जुनं देणं आहे त्या घरात.

ते फिटलं तर पुढच्या दसऱ्याला आण्णांना जायचं की नाही हे ठरवता येईल. कदाचित जातील सुद्धा, त्यांची टोळी आहे, माणसं आहेत, नुसतं घरात बसून त्यांना करमणार नाही. गेले तर जाऊ दे. भांडू नकोस.

माफी वगैरे मागायच्या भानगडीत पडू नकोस, आण्णांना ते ऐकवणार नाही आणि तुला बोलवणार नाही. मी येत्या 15 तारखेला सांगलीकडे निघालोय, त्यांच्या अड्ड्यावर एक मुक्काम करणार आहे. येणार असशील तर सकाळी सहाला स्वारगेटला ये, एसटीनं जाऊ. सुट्टी नसेल मिळत तर आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन माझ्याकडे आणून ठेव, मोठ्या साईजचा, मागच्या वेळी तू लहान पाठवला होतास.

तुझा,
काका